देवयानीचें छायाचित्र

मार्गशीर्षांतील निरभ्र, काळोख्या रात्रीं देवयानी तारकासमूहांत नुसत्या डोळ्यांनीं एक अंधुक, पांढुरका ठिपका दिसतो. लहान दुर्बिणींतून पाहिलें तरी तो धुक्यासारखाच भासतो. कारण डोळा प्रकाश सांठवून ठेवीत नाहीं. छायाचित्राची कांच मात्र तो तासन्‌तास सांठविते.

इंग्लंडांत लिव्हरपूलजवळ राहणारे आयझॅक रॉबर्ट्स यांचा धंदा घरें बांधण्याचा. आकाशनिरीक्षण ही त्यांची हौस. २९ डिसेंबर १८८८ रोजीं त्यांनीं आपली २० इंच व्यासाच्या आरशाची दुर्बीण या ठिपक्याकडे वळविली. पृथ्वीच्या भ्रमणामुळें तारे सरकतात. म्हणून दुर्बीणही यंत्रानें त्याच गतीनें फिरवावी लागते, नाहींतर ताऱ्यांच्या रेघा उमटतात. चार तासांनंतर कांचेवर जें उमटलें, त्यांत चक्राकार वळलेले तेजस्वी पट्टे स्पष्ट दिसले.

रॉबर्ट्स यांस वाटलें, ही एक नवी सूर्यमालाच जन्मास येत आहे. हा तर्क चुकला. १९२३ मध्यें अमेरिकेंतील माउंट विल्सन येथें एडविन हबल यांस त्या ठिपक्यांत ठराविक काळानें तेज पालटणारा एक तारा आढळला. त्यावरून अंतर काढतां ती आपल्या आकाशगंगेबाहेरील स्वतंत्र तारकानगरी ठरली. आजच्या गणनेप्रमाणें ती सुमारें २५ लक्ष प्रकाशवर्षें दूर आहे.

तर्क टिकला नाहीं. चित्र मात्र आजही खरें आहे. विद्यार्थिमित्रांनो, प्रयोगवहींत 'दिसलें' व 'वाटलें' हीं निरनिराळीं लिहा, असें आम्ही वर्गांत वारंवार सांगतों, तें याचसाठीं.