दंतवैद्याचें भय

आपल्या भाषेंत रागावलेला मनुष्य ‘दांत पाडीन’ अशी धमकी देतो, आणि भयानें अवाक् झालेल्याची ‘दांतखीळ बसली’ असें आपण म्हणतों. दांत व भय यांची सांगड अशी लहानपणींच कानांवर पडलेली असते. मग दांत काढणें हाच ज्याचा व्यवसाय, त्याच्या दारीं जातांना पाय अडखळले तर नवल तें काय? तथापि या भीतीस भित्रेपणा म्हणून हसण्यापूर्वीं तिचीं कारणें पाहणें उचित होय.

गतवर्षीं माझ्या वर्गांतील एक विद्यार्थी गाल सुजल्यामुळें चार दिवस शाळेस आला नाहीं. हा मुलगा आंब्याच्या शेंड्यापर्यंत बेधडक चढणारा. परंतु नंदुरबारास दंतवैद्याकडे नेण्याकरितां वडिलांनीं त्यास खांडबाऱ्याच्या स्टेशनावर आणलें, तों गाडी दिसतांच तो पळून घरीं गेला. त्याची एक दाढ पूर्वीं काढलेली होती. मीं विचारतां तो म्हणाला, “गुरुजी, दुखण्याचें कांहीं नाहीं; पण तोंड उघडें ठेवून पडून राहावयाचें, आणि ‘थांबा’ म्हणतां येत नाहीं!”

या उत्तरांत पुष्कळ तथ्य आहे. अमेरिकेंतील नॉर्मन कोरा यांनीं १९६९ सालीं ही भीति मोजण्यासाठीं चार प्रश्न योजिले. उद्यां दंतवैद्याकडे जावयाचें आहे. पाळीची वाट पाहत बसलां आहां. खुर्चीवर बसलां असून दांत कोरण्याचें यंत्र सज्ज होत आहे. दांत साफ करण्याचीं हत्यारें बाहेर निघत आहेत. अशा वेळीं तुम्हांस काय वाटतें? चारही प्रश्न प्रत्यक्ष वेदनेचे नसून तिची वाट पाहण्याचे आहेत.

वेदना मुळींच खोटी होती असें मात्र नव्हे. रोग्यांचे हाल दंतवैद्यांनींच जवळून पाहिले होते. हार्टफर्डचे दंतवैद्य होरेस वेल्स यांनीं १८४४ सालीं हास्यवायु हुंगून स्वतःचा दांत काढवून घेतला. आणि १८४६ सालीं बोस्टन येथें ईथरची गुंगी देऊन वेदनेविना शस्त्रक्रिया होऊं शकते हें जगास दाखविणारे विल्यम मॉर्टन हेही दंतवैद्यच. आज तर सुईनें तेवढीच जागा बधिर करितां येते.

मग भीति कां उरते? याचें एक कारण दांताच्या रचनेंतच आहे. दांताच्या आंत मऊ गर असून त्यांत रक्तवाहिन्या व मज्जातंतु असतात. कीड तेथवर पोंचली म्हणजे गर सुजूं लागतो. परंतु सभोंवतीं कठीण भिंती असल्यानें सुजेस पसरावयास जागा मिळत नाहीं. म्हणून ठणका असह्य होतो. शिवाय सुजलेल्या भागांत आम्लता वाढते व बधिर करणाऱ्या औषधास मज्जातंतूंत शिरणें कठीण जातें. आपण मात्र लवंग दाबून, मिश्री लावून दिवस ढकलतों. लवंगेच्या तेलानें ठणका क्षणभर थांबतो हें खरें. कीड थांबत नाहीं. अखेर अगदीं नाइलाजानें जो जातो, त्याच्याच वाट्यास सुई नीट लागू न पडण्याचा प्रसंग येतो, आणि तो घरीं येऊन दहाजणांस सांगतो. अशा रीतीनें भीति आपलें म्हणणें आपणच खरें करून दाखविते.

त्या विद्यार्थ्यास पुढें वडिलांनीं पुन्हां नेलें. वैद्यांनीं आरंभींच सांगितलें कीं, “डावा हात वर केलास कीं मी थांबेन.” त्यानें दोनदां हात वर केला, दोन्ही वेळां ते थांबले. दाढ मात्र वांचली नाहीं.