'मधलं एक वर्ष कुठे गेलं?'

बुटीबोरीतला कारखाना असो की मिहानमधली आयटी कंपनी, मुलाखतीत हा प्रश्न हमखास येतो. बारावी 2022 ची, पदवीचा प्रवेश 2023 चा. मग मधल्या वर्षाचं काय? संत्र्याच्या पट्ट्यातल्या तळेगावच्या मुलाकडे उत्तर तयार असतं. नीटसाठी ड्रॉप घेतला होता, किंवा संत्र्याची फळगळ एवढी झाली की नागपूरच्या खोलीचे आणि फीचे पैसे उभे राहिले नाहीत. मराठीत तो हे दोन वाक्यांत सांगतो. इंग्रजीत मात्र 'आय विल टेक ॲडमिशन, बट...' एवढ्यावर अडतो, आणि समोरच्याला वाटतं की पोरगा काहीतरी लपवतोय.

राज्यातल्या मराठी शाळांत 2000 सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे. काळांचे तक्ते मुलांना पाठ असतात. ठरवलं होतं पण झालं नाही, हे सांगणारी वाक्यं मात्र जिभेवर बसलेली नसतात. मुलाखतीच्या तयारीत मी यांनाच आधी जागा देईन. ती मोजकीच आहेत.

'जाणार होतो' याला 'आय वॉज गोइंग टू'. 'आय वॉज गोइंग टू जॉइन अ कॉलेज इन नागपूर, बट अवर ऑरेंज क्रॉप फेल्ड दॅट इयर.' पहिला अर्धा भाग ऐकतानाच ऐकणाऱ्याला पुढे 'पण' येणार याचा अंदाज येतो, म्हणून तो थांबून ऐकतो. लेखी अर्जात हेच 'आय हॅड प्लॅन्ड टू' म्हणून जास्त शोभतं. फोन करायचा राहून गेला, अशा छोट्या गोष्टीला 'आय मेन्ट टू कॉल यू'. फॉर्म सबमिट करणार तेवढ्यात वेबसाइट बंद पडली, तर 'आय वॉज जस्ट अबाउट टू सबमिट इट'. वेळ दुसऱ्याने ठरवलेली असली की 'सपोज्ड टू'. दहाला हजर व्हायचं होतं आणि तळेगावच्या स्टँडवर एसटीच आली नाही, तर 'आय वॉज सपोज्ड टू रिपोर्ट ॲट टेन'. बोलताना यातला 'ड' ऐकू येत नाही, म्हणून मुलं ईमेलमध्ये 'सपोज टू' लिहितात. पाठवण्याआधी तेवढं तपासा.

सगळ्यात महागात पडणारी चूक वेगळीच आहे. 'मी आधी कळवायला हवं होतं' असं म्हणायचं असतं आणि तोंडून निघतं 'आय मस्ट हॅव इन्फॉर्म्ड यू'. त्याचा अर्थ होतो, 'मी तुम्हाला नक्कीच कळवलं असणार.' म्हणजे माफी मागायला गेलेला मुलगा समोरच्यालाच खोटं पाडून येतो. इथे 'शुड हॅव' हवं. 'कुड हॅव' म्हटलं तर संधी होती, घेतली नाही. 'वुड हॅव' म्हटलं तर अमुक झालं असतं तर केलं असतं. हे तिन्ही आपल्याच घरातल्या प्रसंगांवर रोज मोठ्याने म्हणून पाहा.

गॅपच्या उत्तराला तिसरं वाक्य लागतंच: त्या वर्षात केलं काय? बाबांसोबत बागेचा हिशेब ठेवला, व्यापाऱ्याशी भाव ठरवला, ओलिताच्या पाळ्या सांभाळल्या, हे सांगायला मुलं लाजतात. लाजू नका. पुढचा प्रश्न बहुधा त्यावरच येतो आणि त्या विषयातलं मुलाखत घेणाऱ्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतं. कारण मात्र खरंच सांगा. गुणपत्रिकेवर साल छापलेलं असतं आणि गॅपचं प्रतिज्ञापत्र प्रवेशाच्या कागदांत लागलेलं असतं.

मुलाच्या इंग्रजीची पालकांनी फार काळजी करू नये. एमपीएससीची मुलाखत मराठीत देता येते, पोलीस भरतीची लेखी परीक्षाही मराठीतच असते. प्रत्येक वाट इंग्रजीवरून जात नाही. खासगी नोकरीकडे वळणाऱ्यांना मात्र हा सराव लागेल, आणि तो घरीच सुरू होतो. 'पोराच्या मेडिकलचं काय झालं?' असं पाहुण्यांनी विचारलं की आईबाबाच घाईने 'नशिबात नव्हतं' म्हणून विषय मिटवतात. ते उत्तर मुलाला देऊ द्या, आधी मराठीत. रात्री तेच इंग्रजीत मोबाइलवर रेकॉर्ड करायला सांगा. तुम्हाला इंग्रजी येत नसलं तरी ऐकायला बसा. तो कुठे अडखळतोय आणि मिनिटभरात उत्तर संपतंय का, हे कळायला इंग्रजी लागत नाही.