आधी रात्री मोज, मग गावं

तुझा बेताचा कागद पाहिला. टोकियो, हाकोने, कानाझावा, क्योतो, ओसाका, हिरोशिमा आणि शेवटी साप्पोरो. यातलं एकही गाव वाईट नाही. पण असाच कागद घेऊन मी पहिल्यांदा जपानला गेले होते आणि परतल्यावर मला आठवत होतं ते बॅगा भरणं, बॅगा उघडणं आणि स्टेशनांवरचे जिने. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, मी तर सहा गावांची होते.

म्हणून सांगते, गावं नंतर, आधी रात्री मोज. दहा दिवसांची रजा आहे, त्यातून विमानाचा जायचा-यायचा वेळ काढला की हातात आठ रात्री उरतात. मुक्काम बदलायचा दिवस अर्धाच धर. सकाळी दहा-अकराला खोली सोडायची, नवी खोली दुपारी तीनला मिळायची, मधल्या वेळात सामान सांभाळत हिंडायचं. आठ रात्रींत सात गावं म्हणजे सहलीचे तीन दिवस त्यातच जातील. मोठ्या शहरात तीन रात्री, लहान गावात दोन, हा माझा हिशेब. एकाच रात्रीचा मुक्काम फक्त तिथे करावा, जिथे गावाची खरी मजा संध्याकाळी आणि पहाटेच असते.

आता खोडायला लाग. पहिलं साप्पोरो. होक्काइदो हे उत्तरेचं वेगळं बेट आहे आणि त्याचा हंगामही वेगळा. जून-जुलैत बाकीचा जपान पावसात भिजत असतो तेव्हा तिथे आल्हाददायक हवा असते. त्यासाठी वेगळी सहल कर. कानाझावाचं केनरोकुएन उद्यान मला फार आवडलं, पण ते जपान समुद्राच्या बाजूला आहे आणि तुझी बाकीची गावं दुसऱ्या बाजूला. हाकोनेला लोक फुजी पाहायला जातात. फुजी हिवाळ्यातल्या कोरड्या सकाळी छान दिसतो, मे-जूनमध्ये तो पुष्कळदा ढगाआड असतो. टोकियोतून एखादा स्वच्छ दिवस मिळाला तर जाऊन ये, मुक्काम नको.

ओसाका आणि हिरोशिमा क्योतोत राहूनच पाहता येतील. तेव्हा मुक्कामाला उरलं टोकियो आणि क्योतो. टोकियोत तीन रात्री, क्योतोत चार, आणि शेवटची एक रात्र कुठे ते पुढे सांगते. टोकियोत उतर, पण परतीचं विमान ओसाकाच्या कान्साई विमानतळावरून घे. उलट टोकियोला येण्यात जाणारा एक दिवस आणि शिंकानसेनचे, म्हणजे बुलेट ट्रेनचे, सुमारे चौदा हजार येन वाचतील. सात दिवसांचा रेल्वे पासही घेऊ नकोस. ऑक्टोबर 2023 मध्ये त्याची किंमत 29,650 येनवरून एकदम 50,000 झाली, तुझ्या बेतात तो फिटणार नाही. शिवाय पास हातात असला की तो वसूल करायला माणूस उगाच गावं जोडत जातो. मी तेच केलं होतं.

क्योतोत चार रात्री कशाला, असं जावईबापू विचारतील. तिथे बिऱ्हाड ठेवून आसपास हिंडता येतं म्हणून. ओसाका साध्या जलद गाडीने अर्ध्या तासावर, नारा पाऊण तासावर. ओकायामा शिंकानसेनने तासाभरावर. पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान तुझ्या पायाखालचं आहे. ते ज्याच्या धर्तीवर केलंय, ते कोराकुएन ओकायामात आहे. मला तिथे उभं राहिल्यावर ओळखीच्या घरी आल्यासारखं झालं. हिरोशिमाला जायचं असेल तर मात्र पूर्ण दिवस दे. लोक सकाळी अणुबॉम्बचं संग्रहालय आणि दुपारी मियाजिमाचं समुद्रातलं तोरण असं एका दिवसात उरकतात. ते संग्रहालय पाहिल्यावर फोटो काढत फिरायचं मन होत नाही, होऊही नये. मियाजिमाला पुढे कधी गेलीस तर भरती-ओहोटीची वेळ पाहून जा. आपण कोकणातली माणसं, तुला जास्त सांगायला नको.

शेवटची रात्र कोयासानची. ओसाकाच्या नाम्बाहून गाडी, मग केबल कार. गाडीचं शेवटचं स्थानक गोकुराकुबाशी. गोकुराकु म्हणजे सुखावती, त्या स्वर्गाचा पूल. डोंगर सुमारे 800 मीटर उंच आहे, तेव्हा मे महिन्यातही स्वेटर ठेव. बाराशे वर्षांपूर्वी कूकाई नावाच्या भिक्षूने इथे मठ उभारला. इथे पहाटे गोमा होतो, तो आपला होमच. मठात राहायला मिळतं आणि तिथलं जेवण शुद्ध शाकाहारी असतं, कांदा-लसूणही नसतो. जपानमध्ये साध्या भाजीच्या रश्श्यातही सुकवलेल्या माशाचा अर्क असतो. तुझ्या सासूबाई आठ दिवस भात आणि फळांवर काढणार असतील तर त्यांना ही एक रात्र पोटभर जेवता येईल. कोयासान विद्यापीठात बाबासाहेबांचा पुतळा आहे, 2015 मध्ये उभारलेला. तो नक्की पाहा.

तारखांचं ऐक. मुलांच्या सुट्ट्या लागल्या म्हणून एप्रिलअखेरीची तिकिटं काढू नकोस. 29 एप्रिल ते 5 मे हा जपानी लोकांच्या सुट्ट्यांचा आठवडा, अख्खा जपान तेव्हा प्रवासाला निघतो आणि खोल्यांचे भाव चढतात. ऑगस्टच्या मध्यात ओबोनचा सण, तेव्हाही तेच, वर उकाडा. दहा मेनंतर निघ आणि पावसाआधी परत ये.

मोठी बॅग कोयासानला निघायच्या आदल्या दिवशीच क्योतोच्या हॉटेलातून सामान पाठवायच्या सेवेने, म्हणजे ताक्क्यूबिनने, विमानतळावर रवाना कर. पाठीवर एका रात्रीचे कपडे पुरेत. आणि मठाला आधी कळवून ठेव. तिथे संध्याकाळचं जेवण साडेपाच-सहालाच वाढतात, पाचच्या आत पोहोच.