भाषा कानांतून येते

भाषा शाळेत शिकली जाते, असा समज रूढ आहे. वस्तुतः मूल शाळेत पाऊल टाकते तेव्हा मातृभाषेचे व्याकरण त्याच्या जिभेवर आधीच वसलेले असते. कर्ता, कर्म, क्रियापद ही नावे तेवढी आपण शिक्षक त्याला देतो. भाषा येते ती कानांतून, गरजेतून आणि सहवासातून.

प्रथम रोजचा व्यवहार पाहू. पाव, बटाटा, चावी, पगार हे शब्द पोर्तुगिजांच्या संपर्काने आले. हक, अर्ज, कायदा, वकील हे अरबी-फारसीतून आले. अण्णा, अक्का ही नाती कानडीच्या शेजाराने दिली. शिवकाळात राज्यव्यवहारकोश रचून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यात आले, तरीही त्यांतील कितीतरी फारसी शब्द टिकले. शब्द राहतो की जातो, हे अखेर बोलणारा समाज ठरवतो.

कधी शब्दांबरोबर रचनाही येते. नागपूरकडील 'तो काय करून राहिला?' या वाक्यावर हिंदीच्या 'कर रहा है' या रचनेचा ठसा आहे. वसतिगृहात अनेक जिल्ह्यांची मुले एका पंगतीला बसतात, तेव्हा अशा बोलण्याला 'अशुद्ध' म्हणून हसले जाते. हसलेले मूल गप्प होते. आणि गप्प झालेले मूल प्रमाण मराठीही शिकत नाही. प्रमाणभाषा अवश्य शिकवावी, परंतु ती घरच्या बोलीच्या जागी नव्हे, तिच्या जोडीला.

हा विचार आपल्या परंपरेत जुना आहे. बुद्धवचन छंदस् भाषेत बांधण्याची अनुमती दोन भिक्षूंनी मागितली असता तथागतांनी ती नाकारली, असे विनयपिटकातील चुल्लवग्गात नमूद आहे. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत नाकारले गेले, म्हणून त्यांनी फारसी घेतली. पुढे संस्कृत स्वप्रयत्नाने आत्मसात केले आणि पालीचा शब्दकोशही सिद्ध केला. भाषेचे दार कोणासाठी बंद होते, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने विसरू नये.

गाणे हे दार सर्वांत सहज उघडते. आंबेडकरी जलशांनी तमाशाचा बाज घेतला. पुढे सूफींच्या परंपरेतील कव्वालीही वस्तीत रुजली. प्रल्हाद शिंदे यांनी कव्वाली, भक्तिगीते आणि भीमगीते एकाच गळ्याने गायिली. कव्वालीत ओळ पुन्हा पुन्हा येते, साथीदार ती उचलतात, टाळी तिचे तुकडे पाडते. न कळलेला उर्दू शब्द आधी कानात बसतो. अर्थ मागाहून संदर्भाने उलगडतो. मूलही मातृभाषा याच क्रमाने शिकते.

वंदनेतील पालीचेही तसेच आहे. 14 ऑक्टोबर 1956 नंतर मराठी घरांत ती नित्य उच्चारली जाऊ लागली. पाली ही मराठीची जननी नव्हे, पण नाते जवळचे आहे. हत्थ–हात, कम्म–काम, सत्त–सात, अट्ठ–आठ या जोड्या पाहा. पालीतील जोडव्यंजन मराठीत सुटे होते आणि त्याची भरपाई म्हणून आधीचा स्वर दीर्घ होतो. एवढा एक नियम कळला, की परकी वाटणारी भाषा ओळखीची होते.

स्वाध्याय : विद्यार्थ्यांनी आपल्या आजीच्या बोलण्यातील, पाठ्यपुस्तकात न आढळणारे दहा शब्द लिहून आणावेत. शेजारच्या मित्राच्या गावी त्यांना काय म्हणतात, ते समोर लिहावे. जे शब्द आज लिहिले जाणार नाहीत, ते आजीबरोबरच जातील.