घुसखोरीतली घूस कोणती?

प्रश्न : फेरीवाल्यांना उठवायला पालिकेची 'अतिक्रमण'ची गाडी येते आणि सीमेवर मात्र 'घुसखोरी' होते. दोन्हीकडे दुसऱ्याच्या जागेत शिरणेच ना? आणि घुसखोरीतली घूस म्हणजे ती घर पोखरणारीच का?
– एक वाचक, कऱ्हाड

उत्तर : घुशीला या भानगडीतून सोडा. ती विचारून शिरत नाही हे खरे, पण शब्द आला तो 'घुसणे' या क्रियापदावरून. त्याला फारसीतला 'खोर' चिकटला. खोर म्हणजे मुळात खाणारा. लाचखोराला तो अगदी चपखल बसतो. भांडखोर मात्र भांडणे खात नाही, उकरून काढतो. म्हणजे मराठीत 'खोर' पुढे खोड दाखवू लागला. घुसखोर याच पंगतीतला. हिंदीत 'घूस' म्हणजे लाच. त्यामुळे हिंदी बातमीतला 'घूसखोर' सीमेवर नव्हे, कचेरीत पकडलेला असतो!

'अतिक्रमण' संस्कृत. 'क्रम्' म्हणजे पाऊल टाकणे. 'अति' लागले की पाऊल मर्यादेपलीकडे पडले. पराक्रम, परिक्रमा, संक्रांत ही याच धातूची लेकरे. तीन पावले टाकणारा वामन 'त्रिविक्रम' झाला तोही यावरूनच.

अर्थात मात्र फरक आहे. रांगेत मध्येच शिरणाऱ्याला आपण घुसखोर म्हणतो, अतिक्रमण केले म्हणत नाही. घुसखोरी माणूस करतो, अतिक्रमण बहुधा जागा खाते, तेही सावकाश. दुकानाची पायरी आधी फूटभर रस्त्यावर येते, मग तिच्यावर पत्रा चढतो, मग पत्र्याखाली फळी मांडली जाते. शेतात हेच काम नांगराचा फाळ करतो. गावाकडे त्याला 'बांध कोरणे' म्हणतात आणि माझ्या मते हा शब्द दोन्हींपेक्षा सरस.

सरकारी जमिनीवरचे अतिक्रमण काढण्याची तरतूद महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ५० मध्ये आहे. फौजदारी कायद्यात मात्र नुसते पाऊल पडून भागत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ ला (जुन्या दंड संहितेतले ४४१) गुन्हा करण्याचा किंवा ताबेदाराला धमकावण्याचा, अपमानित करण्याचा वा त्रास देण्याचा हेतू लागतो. आणि रीतसर आत येऊन मग अशाच हेतूने बेकायदा ठाण मांडणाराही त्यात सापडतो. म्हणजे घुसला नाही, तरी अतिक्रमण झालेच.