कंपवाताची चाहूल पोटात?

हात थरथरू लागले की आपण कंपवात ओळखतो. पण तोवर मेंदूतील डोपामिन निर्माण करणाऱ्या पुष्कळशा पेशी नष्ट झालेल्या असतात. मग आधी चाहूल लागावी कोठे? जर्मन शास्त्रज्ञ हाइको ब्राक यांनी २००३ मध्ये आतड्याकडे बोट दाखविले. रुग्णांच्या मेंदूत साचणारे अल्फा-सिन्युक्लिन हे प्रथिन त्यांच्या जठर-आतड्यांच्या मज्जातंतूंतही आढळते. विकृती तेथून व्हेगस मज्जातंतूवाटे वर चढत असावी, असा त्यांचा तर्क. कित्येकांना बद्धकोष्ठ कंपाच्या अनेक वर्षे आधीपासून असते. (आमच्या घरी त्याला कोणी दुखणे मानीतच नाही, एरंडेल दिले की झाले!) अर्थात प्रत्येक बद्धकोष्ठामागे कंपवात नसतो. आतड्याचा तुकडा तपासून निदान करणेही अद्याप खात्रीचे नाही, कारण हे प्रथिन निरोगी माणसांच्या आतड्यांतही सापडते.