हिज्कीयाची पंधरा वर्षे आणि आपला रक्तदाब

शास्त्रपाठ : २ राजे २०:१-१९, यशया ३८:२१, १ करिंथ. ६:१९, २०
धड्याचा हेतू : प्रार्थना व औषधोपचार ही एकमेकांच्या विरोधी नाहीत, आणि न दुखणाऱ्या आजाराचीही काळजी घेणे हा विश्वासू कारभाराचा भाग आहे, हे समजून घेणे.



उपासनेनंतर प्रार्थनेचे विषय विचारले म्हणजे कोणी गुडघेदुखी सांगतो, कोणी ताप, कोणी परीक्षा. परंतु "माझा रक्तदाब वाढला आहे, प्रार्थना करा" असे सहसा कोणी म्हणत नाही. कारण उघड आहे. वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत नाही. माणूस शेतावर जातो, रोवणी करतो, उपासनेत गीते गातो आणि आतमध्ये वर्षानुवर्षे नासाडी चाललेली असते. मग एके सकाळी लकवा मारतो, आणि आपण म्हणतो, "काल तर चांगले होते!" आजच्या धड्यात आपण या मुक्या आजाराचा विचार पवित्र शास्त्राच्या प्रकाशात करणार आहोत.

१. राजाने प्रार्थना केली, आणि लेपही लावला

हिज्कीया राजा मरणोन्मुख झाला. यशया संदेष्ट्याने त्याला घरादाराची व्यवस्था लावण्यास सांगितले. राजाने भिंतीकडे तोंड फिरवून रडत प्रार्थना केली. संदेष्टा राजवाड्याबाहेर पडतो न पडतो तोच त्याला देवाने परत पाठवले आणि राजाच्या आयुष्यात १५ वर्षांची भर घातल्याचे सांगितले. येथपर्यंतचा भाग आपल्या मुलांनाही ठाऊक असतो. पण सातवे वचन आपण घाईने ओलांडतो. बरे करण्याचे वचन मिळाल्यानंतर यशयाने अंजिरांचा लेप करून गळवावर बांधावयास लावला. त्या काळचे ते औषधच होते.

देवाला लेपाची गरज होती काय? मुळीच नाही. तरी त्याने तो वापरला. म्हणून "माझा विश्वास आहे, मी गोळी घेत नाही" असे जे म्हणतात, त्यांनी हा अध्याय पुन्हा वाचावा. हिज्कीयाने लेप लावून घेतला म्हणून त्याचा विश्वास उणा ठरला नाही. पौलाचा सोबती लूक हाही वैद्यच होता (कलस्सै. ४:१४).

२. रक्तदाब म्हणजे काय?

हृदय आकुंचन पावून रक्त पुढे ढकलते तेव्हा रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर जो दाब पडतो, तो वरचा आकडा. दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय सैल पडते तेव्हाचा दाब, तो खालचा आकडा. १२०/८० च्या आत असेल तर उत्तम. वेगवेगळ्या दिवशी मोजूनही १४०/९० किंवा त्याहून अधिक येत असेल तर तो उच्च रक्तदाब. एकाच वेळच्या आकड्यावरून घाबरू नये. मात्र १८०/११० किंवा त्याच्या वर असल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

शेताला पाणी देणाऱ्या रबरी नळीत रोज प्रमाणाबाहेर जोर दिला तर नळी कुठेतरी फुगते, चिरते. शरीरातही तसेच होते. रक्तवाहिन्या कडक होतात, हृदयाचा स्नायू जाड होऊन थकतो, मूत्रपिंडाची बारीक चाळण बिघडते, डोळ्यांच्या पडद्याला इजा होते आणि मेंदूतील शीर बंद पडते किंवा फुटते.

३. पूर्वी नव्हते ते आज आहे

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचा रक्तदाब मार्च १९४४ मध्ये १८६/१०८ भरला. जगातील बलाढ्य राष्ट्राचा तो प्रमुख, परंतु डॉक्टरांजवळ त्या काळी गुणकारी औषधच नव्हते. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते वारले. शेवटच्या दिवशी दाब ३००/१९० होता. वय अवघे ६३.

त्यानंतर चारच वर्षांनी, १९४९ साली, मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबावर होणारा परिणाम रुग्णांवर तपासून इंग्लंडच्या हृदयरोगविषयक मासिकात प्रसिद्ध केला, आणि जगाचे लक्ष या भारतीय वनस्पतीकडे वेधले. १९५७ साली त्यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. पुढे अधिक सुरक्षित औषधे निघाली. म्हणून आज कोणी रानातून मुळी आणून घरीच खाऊ नये, ते धोक्याचे आहे. राष्ट्राध्यक्षाला जे मिळाले नाही, ते आज किरनापूरच्या शेतमजुराला एका लहान गोळीत मिळू शकते. ही देवाची कृपा नव्हे तर काय?

४. विश्वासू कारभाऱ्याची पाच कामे

(अ) मोजणे. वयाची ३० वर्षे झालेल्या प्रत्येकाने सरकारी दवाखान्यात रक्तदाब मोजून घ्यावा. गरोदर भगिनींनी तर प्रत्येक तपासणीत. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा व तंबाखू नको. लघवी करून यावे, पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसावे, हात हृदयाच्या पातळीवर टेकवावा आणि बोलू नये.

(आ) मीठ. दिवसाला माणशी ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, एवढेच मीठ पुरे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. भातावर वरून मीठ घेणे सोडावे. लोणचे, पापड, सुकी मासळी, फरसाण यांतले मीठही हिशेबात धरावे.

(इ) खर्रा, बिडी, दारू. आमच्या भागात खर्रा तरुणांच्या खिशातून निघत नाही. तंबाखू हृदयाचा व शिरांचा वैरी आहे. दारूने दाब वाढतो.

(ई) हालचाल. शेतात राबणाऱ्याला वेगळा व्यायाम नको; दुकानात व कचेरीत बसणाऱ्याने रोज अर्धा तास भरभर चालावे आणि वजन आटोक्यात ठेवावे.

(उ) गोळी. ही सर्वांत मोठी अडचण. महिनाभर गोळ्या घेतल्या, दाब १३०/८० आला, आणि माणूस म्हणतो, "बरा झालो," व गोळी बंद करतो. पण गोळी चालू आहे म्हणूनच दाब उतरलेला असतो! डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नये, शेजाऱ्याची गोळीही घेऊ नये.

एक इशारा : तोंड वाकडे होणे, एका हाताची किंवा पायाची शक्ती जाणे, बोलणे अडखळणे, यांपैकी काहीही एकाएकी झाले तर मोठ्या रुग्णालयात तत्काळ न्यावे. शीर गाठीने बंद झाली असल्यास ती विरघळवणारे औषध साडेचार तासांच्या आतच देता येते.

५. मंडळीचे काम

नोव्हेंबर २०१७ मध्ये आपल्या देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम पाच राज्यांतील २५ जिल्ह्यांत सुरू झाला. त्यांत मध्य प्रदेश व महाराष्ट्रही होते. आमच्या शेजारचा भंडारा, तसेच वर्धा, सातारा व सिंधुदुर्ग हे महाराष्ट्रातले जिल्हे. २०२२ साली या कामाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. तेथे काही जादूची गोळी निघाली नव्हती. प्रत्येकाचा दाब मोजणे, ठरलेली साधी औषधे घराजवळ मिळवून देणे आणि गोळ्या न्यायला जो आला नाही त्याचा शोध घेणे, एवढेच केले.

जो आला नाही त्याचा शोध घेणे! लूक १५ मधील मेंढपाळ दुसरे काय करतो? आपले वडील व सेविका भगिनी घरभेटीस जातातच. प्रार्थना झाल्यावर "गोळी चालू आहे ना?" हे चार शब्द विचारावयास पैसा लागत नाही.

६. मिळालेली वर्षे कशासाठी?

अध्याय येथे संपत नाही. बरा झालेल्या हिज्कीयाने बाबेलच्या दूतांना आपले सारे भांडार मिरवून दाखवले आणि त्याला यशयाचे कडक बोल ऐकावे लागले. आयुष्य वाढणे ही देणगी खरी, पण तिचाही हिशेब आहे. पौल करिंथकरांस सांगतो की आपण स्वतःचे नव्हे, मोलाने विकत घेतलेले आहोत. शरीर सांभाळायचे ते मिरवण्यासाठी नव्हे, तर नातवंडांना वचन शिकवण्यासाठी, शेजाऱ्याची सेवा करण्यासाठी आणि देवाच्या गौरवासाठी.

शब्बाथ शाळेत चर्चेसाठी प्रश्न

१. देवाने बरे करण्याचे वचन दिल्यावरही यशयाने लेप का लावावयास सांगितला?
२. वर्गातील किती जणांच्या घरी वडीलधाऱ्यांचा रक्तदाब गेल्या वर्षभरात मोजला गेला? मुलांनी या आठवड्यात घरी विचारून यावे.
३. आपल्या मंडळीत गोळी मध्येच सोडणारे कोणी आहेत काय? त्यांना न दुखवता मदत कशी करता येईल?
४. देवाने तुम्हांला आणखी १५ वर्षे दिली तर ती कशात घालवाल?